बाईंचं जुवं

भाड्याने खोली देताना घरमालक काय काय विचारतात याची मला चांगली कल्पना होती. लग्न झालंय का, घरात मासे शिजवणार का, नोकरी कायमची आहे का. रत्नागिरीत बदली होऊन आलो तेव्हा या सगळ्याची उत्तरं मी पाठ करून ठेवली होती. बाईंनी दार उघडलं, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "वजन किती तुमचं?"

"बहात्तर," मी गडबडून म्हणालो.

"झोपेत लोळता का?"

"आई म्हणते, ओंडक्यासारखा झोपतो."

"उत्तम. सामान आणा."

सामान आणल्यावर उलगडा झाला. पलंगावरची गादी उचलून बाईंनी खालची व्यवस्था दाखवली. प्लायवूडच्या दोन मोठ्या फळ्या, त्यांच्यामध्ये वर्तमानपत्रांच्या घड्या आणि प्रत्येक घडीत एकेक झाड मुळासकट आडवं निजलेलं. झाड वाळवून ठेवायचं तर आधी ते नीट दाबावं लागतं. दगड ठेवले तर एकाच जागी भार येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. "माणूस बरा. सगळीकडे सारखा पसरतो." माझ्या आधीच्या भाडेकरूने व्यायामशाळेत जाऊन अंग उतरवायला घेतलं, तेव्हा बाईंनी त्याला प्रेमाने निरोप दिला होता. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून 'बहात्तर' अशीच हाक मारली. "अहो बहात्तर, चहा घेता का?" शेजाऱ्यांना काही दिवस ते माझं आडनाव वाटत होतं.

भाडं माफक होतं, पण अटी होत्या. मी रोज एक ठरावीक वर्तमानपत्र घ्यायचं आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या ताब्यात द्यायचं. ते नेमकं मला न आवडणारं वर्तमानपत्र होतं. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "त्याचे अग्रलेख कसे असतात मला ठाऊक नाही. कागद पाणी मस्त पितो." पावसाळ्यात झाडांचे कागद रोज बदलावे लागत, नाहीतर बुरशी धरते. त्यामुळे आषाढ-श्रावणात आमच्या घरात दोऱ्यांवर कपड्यांऐवजी जुन्या बातम्या वाळत असायच्या. माझे पायमोजे मात्र फ्रिजच्या मागे वाळायचे, तेसुद्धा तिथे एखादं गवत नसेल तर.

बाई सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या कामावरून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. ते का केलं नाही हे विचारण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. उंच, काटक, केसांचा कापूस झालेला, पायात पुरुषी सँडल. बोलणं अजून औषधाच्या खिडकीतलंच होतं. कुणी फार वेळ रडगाणं गायलं की म्हणायच्या, "दिवसातून तीनदा, जेवणानंतर. एकदम नको." आळीत त्यांना 'पाल्याच्या बाई' म्हणत. झाडं गोळा करतात म्हणजे वैदू असणार असं धरून लोक दारात येत. एकदा एक गृहस्थ मूळव्याधीवर काहीतरी द्या म्हणून अडूनच बसले. बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, "हे बघा, औषधं दुकानात मिळतात. जन्मभर मी तीच दिली. झाडं काही तुमच्या मूळव्याधीसाठी उगवत नाहीत."

"मग कशासाठी उगवतात?" गृहस्थ चिडून म्हणाले.

"तेच तर बघतेय," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

हे बघणं चालायचं एका जुव्यावर. खाडीतल्या बेटाला इकडे जुवं म्हणतात, हे मला देशावरच्या माणसाला इथे आल्यावर कळलं. रत्नागिरीहून हातखंब्याला यायचं, तिथून आतल्या गावाची एसटी पकडायची, शेवटच्या थांब्यावर उतरून खाडीपर्यंत चालायचं आणि मग होडी. जुव्यावर वस्ती नाही, प्यायचं पाणी नाही, मोबाइलला रेंज नाही. कडेने कांदळाची झाडी, मध्ये काळा कातळ, त्यावर पावसाळ्यात गुडघाभर गवत आणि एका वाकड्या झाडाखाली राखणदाराचा शेंदूर लावलेला दगड. एवढंच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा परत निघेपर्यंत मला तिथे बघण्यासारखं काही सापडलं नव्हतं.

बाईंचं आणि जुव्याचं नातं जडलं ते मात्र अपघाताने. नोकरीत असताना कुठल्याशा शिबिरासाठी लस घेऊन त्या पलीकडच्या गावी निघाल्या होत्या. ओहोटीचा अंदाज चुकला आणि होडी जुव्याशी चिखलात रुतून बसली. पाणी परत चढेपर्यंत काय करायचं? बाईंनी लशीचा डबा सावलीत ठेवला आणि वेळ जावा म्हणून जुव्यावर किती प्रकारची झाडं आहेत ते मोजायला घेतलं. भरती आली, होडी सुटली, लस वेळेवर पोचली. "मोजणी तेवढी राहिली," बाई सांगायच्या. ती राहिलेली मोजणी पुरी करायला त्या पुढे आयुष्यभर जात राहिल्या.

मी एकदा विचारलं, "बाई, एवढं कोकण सोडून त्या टिचभर जुव्यावर काय आहे?"

"त्याला काठ आहे," त्या म्हणाल्या. "कोकणातली सगळी झाडं ओळखायची म्हटलं तर मी चार जन्म घेतले तरी पुरणार नाहीत. जुव्याला चारी बाजूंनी पाणी. कुठे थांबायचं ते देवाने आखूनच दिलंय." आणि लगेच, "देव म्हणजे आपली बोलायची पद्धत हो. उगाच अर्थ काढू नका."

देवाधर्माचं त्यांना वावडं होतं. गणपतीत आळीत आरत्या सुरू झाल्या की त्या खिडक्या लावून कागद बदलत बसायच्या. "लोक पत्री वाहतात, मी दाबते. दोघांचाही वेळ बरा जातो," म्हणायच्या.

पण त्यांच्या खऱ्या विक्षिप्तपणाला अजून मी हात घातलेला नाही. बाईंचा एक नियम होता: कुणी काही सांगायचं नाही. झाडाचं नाव, त्याचा उपयोग, ते कुठे उगवतं, कधी फुलतं, काहीही नाही. "सांगितलेलं कानात राहतं, बघितलेलं डोळ्यात राहतं. मला डोळ्यातलं हवं." एकदा मी मोठ्या उत्साहाने मोबाइलवर एका पानाचा फोटो काढून त्याचं नाव शोधलं आणि त्यांना सांगायला गेलो. बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि पाठ फिरवून स्वयंपाकघरात निघून गेल्या. दोन दिवस मला चहा मिळाला नाही.

या नियमाचा सगळ्यात जास्त जाच होडीवाल्या दत्तारामला झाला. दत्ताराम पलीकडच्या गावचा. पूर्वी त्याची तर होती, माणसांना खाडीपार नेणारी. खाडीवर पूल झाला आणि ती बंद पडली. आता तो मासे मारायचा आणि रविवारी भरती पाहून बाईंना जुव्यावर सोडायचा. सुरुवातीला तो बिचारा बोलका होता. पहिल्याच फेरीत वल्हं मारता मारता म्हणाला होता, "बाई, ता झाड हाय ना, त्येची भाजी करतात..." बाईंनी होडी अर्ध्यातून परत वळवायला लावली होती. त्यानंतर जुवं आणि झाडं सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर तो बोलायचा. मुंबईतल्या मुलाची खोली, डिझेलचे भाव, जावयाचे गुण. होडी जुव्याला लागली की तोंडाला कुलूप. होडीत बसून विडी ओढायचा आणि पाण्याकडे लक्ष ठेवायचा. पाणी उतरायला लागलं की एकच हाक: "बाई, सुकती!" हातातलं काम कितीही मोलाचं असो, बाई ताडकन उठायच्या. पहिल्या दिवसाचा धडा त्या विसरल्या नव्हत्या. मी राहायला आलो त्यानंतर एकदाही त्यांनी भरती चुकवली नाही.

जुव्यावरचं सगळं आता त्यांच्या घरात होतं. गवतं, शेवाळी, कातळाच्या खळग्यात उगवणाऱ्या नखाएवढ्या वनस्पती, सगळं वाळवून, जाड कागदावर शिवून, पोटमाळ्यावर रचून ठेवलेलं. हो, शिवून. डिंकाला झुरळं येतात म्हणून त्या झाडं सुई-दोऱ्याने शिवायच्या, आणि टाके असे घालायच्या की शिंप्याने शिकवणी लावावी.

एकच झाड अडलं होतं. आषाढात कातळाच्या भेगेतून दोन लांब पानं वर यायची. टोकाशी वेणीसारखी वळलेली. खाली कांदा. श्रावण संपता संपता मध्ये एक देठ निघायचा, त्यावर हिरव्या कळ्या धरायच्या. मग गणपती यायचे. गणपतीत गावात मासेमारी बंद, दत्तारामही बाईंना न्यायला येत नसे. पुढच्या रविवारी बाई जायच्या तेव्हा कळ्यांची झाडं नाहीशी झालेली असायची. भेगेत नुसता खड्डा. उरायची ती लहान, न फुलणारी रोपं. हे दर वर्षी असंच.

पुण्याच्या एका जाणकारांना बाईंनी पानं आणि कांदा पाठवला होता. हा त्यांच्या नियमाचा भंग नव्हता. झाड ओळखून झालं की त्याचं शास्त्रातलं नाव विचारायची त्यांनी स्वतःला सवलत दिलेली होती. जाणकारांचं उत्तर आलं, फूल पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही. बाईंचा सगळा जीव त्या फुलात अडकला. जुव्याची मोजणी पुरी व्हायला तेवढं एकच उरलं होतं.

"डुक्कर," बाईंनी निदान केलं होतं. "रानडुक्कर पोहतं. कांदे खायला येतं. खड्डे बघा ना."

हे त्या होडीत बसून मोठ्याने सांगायच्या. दत्ताराम वल्हं मारत ऐकायचा. एका वर्षी त्यांनी लोखंडी जाळीचं कुंपण करून आणलं, मी ते डोक्यावरून वाहिलं. गणपतीनंतर पाहिलं तर कुंपण शाबूत आणि आत खड्डा. बाईंनी कुंपणाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "हुशार डुक्कर आहे." दत्ताराम होडीत पलीकडे तोंड करून खोकत होता.

माझ्या तिसऱ्या की चौथ्या पावसाळ्यात बाईंच्या डोळ्यांनी असहकार पुकारला. मागचा पडदा सुकत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं, मधलं दिसणं हळूहळू जाईल, कडेचं राहील. बाई घरी आल्या आणि मला समोर उभं करून परीक्षा घेतली. "तुमचे कान दिसतात, नाक दिसत नाही. काही फार बिघडलं नाही," असा निकाल दिला. त्या दिवसापासून त्या प्रत्येक गोष्टीकडे मान वळवून बघायला लागल्या, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. कागद बदलणं चालू, शिवणं चालू. फक्त टाके वाकडे यायला लागले. एका संध्याकाळी वाकडा टाका उसवताना त्या एकदम म्हणाल्या, "अहो बहात्तर, तेवढं फूल दिसायला पाहिजे होतं हो. नजर आहे तोवर." बाई कधी काही मागत नसत, म्हणून तर ते जास्त लागलं.

त्याच वर्षी दत्तारामने मला गौरीच्या सणाला बोलावलं. "गौरीला तिखटाचा निवेद असतो आमच्यात. मटान-वडे. तुमी या. बाई काय यायच्या नाय." मटण-वडे म्हटल्यावर मी रजा टाकली. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "जा. वजन वाढेल ते वाढेल, फळ्यांना चांगलंच आहे."

गौर मांडली होती माजघरात. तेरड्याच्या जुडीला साडी नेसवलेली, वर मुखवटा, गळ्यात पोत. तेरडा मुळासकट उपटून आणतात, मुळं म्हणजे गौरीची पावलं. दत्तारामच्या बायकोने, सुलभावहिनींनी, ती पावलं हळदीकुंकवाने रंगवली होती. मी हात जोडले. मान वर केली आणि तसाच उभा राहिलो. मुखवट्याच्या मागे, गौरीच्या अंबाड्यात पांढऱ्या फुलांचा एक तुरा खोवलेला होता. लहान लहान, खाली झुकलेली, घंटेसारखी फुलं. आणि देठाच्या बुडाशी दोन लांब पानं, टोकाला वेणीसारखी वळलेली. त्या पानांवर मी वर्षानुवर्षं झोपलो होतो. मी ती ओळखणार नाही तर कोण?

मी बाहेर धावलो. पुलावर गेलं की रेंज येते. फोन लावला.

"बाई, तुमचं ते फूल..."

"सांगू नका!" बाई ओरडल्या आणि फोन कट.

मी परत लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. अखेर उचलल्यावर एका दमात म्हणालो, "काही सांगत नाही. पण पुढच्या गाडीने दत्तारामच्या घरी या. बघा आणि मग मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

मग बाई म्हणाल्या, "भिंग आणू?"

"आणा."

उन्हं कलताना त्या पोचल्या. हातखंब्याला गाडी चुकली म्हणून टेम्पोत बसून आल्या होत्या. सँडल दारात काढून, मान वाकडी करून आत आल्या. घरातल्या बायका बाजूला झाल्या. बाई गौरीपुढे उकिडव्या बसल्या, भिंग काढलं आणि नाक मुखवट्याला टेकेल इतक्या जवळ गेल्या. डाव्या बाजूने पाहिलं. उजव्या बाजूने पाहिलं. एकेक फूल, एकेक पाकळी. एवढ्या भक्तिभावाने त्या गौरीकडे आजवर कुणी बघितलं नसेल.

"सहा पाकळ्या," शेवटी बाई म्हणाल्या. "तीन बाहेर, तीन आत. बाहेरच्यांना शेपटी आहे." मग वळल्या. "कुठून आणलं हे?"

दत्ताराम दारात उभा होता. खांद्यावरच्या टॉवेलचं टोक हातात पिळत होता. "बाई," तो म्हणाला, "डुक्कार नाय वो. मी."

"तू?"

"पयलं सड्यावर मिलायचं. गावच्या वरच्या कातलावर. सगल्या बायका जायच्या आनायला. मग सड्यावर सुरुंग लावून कलमं लावली आंब्याची. तितं काय ऱ्हायला नाय. जुव्यावरच तेवढं उरलंय. गौर यायच्या आदल्या दिशी जातंय मी. सगल्या घरांना एकेक आनून देतंय."

"आणि इतकी वर्षं मी डुक्कर डुक्कर करत होते, तेव्हा तुझ्या तोंडात काय होतं?"

"तुमीच बोलल्याव ना," दत्ताराम कळवळून म्हणाला, "सांगायचं नाय म्हनून!"

मला वाटलं, आता बाई भडकणार. बाईंनी भिंग पुसलं. चेहऱ्यावर काय चाललंय ते कळेना. आणि मग त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग खांदे हलवून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "कुंपण," त्या म्हणाल्या, "अरे, कुंपण तरी कसं उचललंस ते सांग."

"उचाललं नाय. उडी मारली," दत्ताराम म्हणाला. मग सगळं माजघर हसलं.

हसणं ओसरल्यावर खरा प्रश्न समोर आला. फूल हातभर अंतरावर होतं. दाबायचं तर आत्ताच, ताजं असताना. सुलभावहिनींच्या ते लक्षात आलं. त्या पुढे झाल्या, थांबल्या, अवघडल्या. "बाई, तुमाला पायजे तर..." त्यांच्या सासूबाई भिंतीशी टेकून बसल्या होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "सूनबाय, गौर माहेरी आलीय. माहेरवाशिनीच्या डोक्यातलं फूल कुनी काडतं काय?"

गावातली इतर घरं होती, इतर गौरी होत्या, पण सगळीकडे हेच उत्तर असणार हे उघड होतं. आणि जुव्यावर आता खड्डेच होते. देवाच्या नावाने कधी हात न जोडणाऱ्या त्या बाई. त्यांनी फूल उचललं असतं तर दत्तारामने अडवलं नसतं, एवढा तो शरमला होता. बाईंनी म्हातारीकडे मान वाकडी करून पाहिलं. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "मी थांबते उद्यापर्यंत. बसायला काही द्या."

त्या थांबल्या. रात्रभर बायकांनी फुगड्या घातल्या, गाणी म्हटली. बाई पाटावर बसून तुऱ्याकडे बघत राहिल्या. मी मटण-वडे खाऊन ओट्यावर ओंडक्यासारखा झोपलो.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी गौरी निघाल्या. सगळ्या घरांतल्या बायका डोक्यावर गौरी घेऊन खाडीवर आल्या. आरती झाली, दही-पोह्याचा नैवेद्य झाला. सुलभावहिनींनी आपली गौर पाण्यात सोडायच्या आधी अंबाड्यातला तुरा कांद्यासकट सोडवला. फुलं जराशी मलूल झाली होती, पण अजून पांढरी होती. वहिनी बाईंसमोर आल्या. म्हणाल्या, "पदर पुढं करा."

"मला ओटी चालत नाही," बाई म्हणाल्या. "माझं लग्न झालेलं नाही."

"माहेरवाशिनीला चालते. जुव्यावर किती वर्सं येताव? कुनाच्या घरी येताव मग?"

बाईंनी पदर पुढे केला. तांदूळ पडले, नारळ पडला, त्यावर ते झाड पडलं. बाईंची मान एका बाजूला वळलेली होती. त्या रडत होत्या आणि ते लपवण्याचा त्यांनी काहीही प्रयत्न केला नाही.

पण बाई त्या बाईच. ओटी सावरून झाल्याबरोबर त्यांनी सगळ्या बायकांना थांबवलं आणि खाडीच्या काठावर भाषण ठोकलं. "हे बघा. गौरीला पाय किती? दोन. ते कशाचे? तेरड्याचे. तेरडा रगड आहे, हवा तितका मुळासकट उपटा. हे फूल देवीच्या डोक्यात जातं. डोक्याला मुळं कशाला हवीत? वरचा तुरा कापून न्या, कांदा राहू दे. नाहीतर दोन-चार वर्षांत तुमची गौर बोडक्या डोक्याने माहेरी यायला लागेल, सांगून ठेवते."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. जन्मात गौर न बसवलेली बाई गौरीचं शास्त्र सांगत होती. अखेर एकजण म्हणाली, "पन देवीला विचारावं लागंल ना?"

काल भिंतीशी बसलेल्या त्याच म्हाताऱ्या सासूबाई आता काठी टेकत पुढे आल्या होत्या. "देवी काय बोलनार?" त्या म्हणाल्या. "मी बोलते, चालंल." आणि विषय संपला.

बाईंनी तिथेच सँडलवर बसून बटव्यातली कात्री काढली. तुरा आणि एक पान कापून माझ्या वर्तमानपत्रात ठेवलं. उरलेला कांदा दत्तारामच्या हातात दिला. "हा जुव्याचा. जिथून काढलास त्याच भेगेत लाव. आत्ताच, भरती आहे तोवर." दत्ताराम सणाच्या नव्या कपड्यांत होडी घेऊन निघाला.

ते फूल माझ्या बहात्तर किलोंखाली वाळलं. मटण-वड्यांमुळे किंचित जास्तच. बाईंनी ते स्वतः शिवलं, वाकड्या टाक्यांनी. पुण्याच्या जाणकारांचं उत्तर आलं ते मी वाचून दाखवलं. झाड ओळखीचं निघालं. त्याचं नामकरण पूर्वीच झालेलं होतं, आणि कोकणातल्या आणखीही काही सड्यांवर ते मिळतं असं त्यांनी लिहिलं होतं. मला वाईट वाटलं. बाईंनी खांदे उडवले. "बारसं कुणी का जेवेना. माझ्या जुव्याचं झालं ना सगळं बघून?"

पुढे माझी मंडणगडला बदली झाली. पलंगावर नवा भाडेकरू आला. तो पंच्याऐंशी किलोंचा आहे असं बाईंनी मला फोनवर अभिमानाने कळवलं. पण गौरीच्या आठवड्यात मी दर वर्षी रजा टाकतो आणि रत्नागिरीला जातो. गौर यायच्या आदल्या दिवशी बाई, मी आणि दत्ताराम जुव्यावर जातो. तो बायकांसाठी तुरे कापतो, वरच्या वर, कांद्याला धक्का न लावता.

गेल्या वर्षी बाईंना हाताला धरून होडीत बसवावं लागलं. आता कडेचंही नीट दिसत नाही. उजेड आणि सावली कळते. तरी ताठ बसल्या होत्या, तोंड जुव्याच्या दिशेला. दत्ताराम जावयाबद्दल बोलत होता. जुवं जवळ आलं तसा तो सवयीने गप्प झाला. होडी लागली. तो उठून उभा राहिला आणि वर कातळाकडे बघून तसाच राहिला. मीही बघितलं. बोललो मात्र नाही. मलाही नियम माहीत होता.

"गप्प का झालात?" बाई म्हणाल्या.

खाडीचं पाणी होडीच्या बुडाशी हलत होतं. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. म्हणाल्या, "दत्ताराम, सांग."

दत्तारामने माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. "काय सांगू, बाई?"

"काय दिसतंय ते सांग."

त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "सगला जुवा पांढरा झालाय, बाई," तो म्हणाला. "कातलावर पाय ठेवायला जागा नाय."

बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. पण ते क्षणभरच. लगेच औषधाच्या खिडकीतला आवाज आला, "पांढरा म्हणजे काय? किती आहेत? मोज."

"सगली?"

"सगळी."

दत्ताराम खाली उतरला आणि कातळाच्या कडेपासून एकेका तुऱ्याला बोट लावत मोठ्याने मोजायला लागला. बाई मान कलती करून ऐकत होत्या. ऊन चढलं. पाणी उतरायला लागलेलं मला दिसलं, होडीखालचा चिखल वर यायला लागला. "बाई," मी म्हणालो, "सुकती."

"कळतंय मला," बाई म्हणाल्या. "तुम्ही मध्ये बोलू नका. त्याचा आकडा चुकेल."